अंजनीला आधी काही कळत नव्हतं

अंजनी,

जबलपूरच्या मराठी मंडळाची स्मरणिका परवा टपालाने आली. तुझ्यावर अर्धं पान आहे. फोटो कुणाच्या तरी लग्नातला. तुझा अर्धा चेहरा कापला गेलाय आणि शेजारच्या बाईचा शालू मात्र काठापदरासकट आलाय. खाली कुणा विनीताबाईंनी लिहिलं आहे की कै. अंजनीताईंना दैवी देणगी लाभली होती, येणाऱ्या संकटाची चाहूल त्यांना आधीच लागत असे, आणि युद्धाच्या काळात त्यांच्यामुळे कित्येक घरांचं कुंकू वाचलं. मी ते पुन्हा वाचलं, चष्मा पुसून आणखी एकदा वाचलं आणि मंडळाच्या चिटणिसांना फोन लावला. ते म्हणाले, मावशी, चांगलंच तर लिहिलंय. मी म्हटलं, म्हणूनच फोन केलाय.

तू म्हणाली असतीस, जाऊ द्या ना हेमाताई. नाही जाऊ देणार. तुला जाऊन वर्ष होत आलं, तुला उत्तर देता येत नाही, मला येतं. हे पत्र तुला लिहिते आहे, पण छापायला मंडळालाच देणार आहे. म्हणून तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही यात येतील. कंटाळलीस तरी ऐकून घे.

तुला देणगी वगैरे काही नव्हती. तुला आजार होता. तो बरीच वर्षं होता, हाडामांसात मुरलेला होता, आणि तो तू बरा केलास. तो बरा होऊ नये म्हणून आपल्या क्वार्टरांच्या लाईनीतल्या झाडून सगळ्यांनी हातभार लावला, तरी बरा केलास. अर्धं पान द्यायचं होतं तर ते यावर द्यायला हवं होतं.

तू अचलपूरची. चीनच्या लढाईनंतरच्या उन्हाळ्यात मुरलीधरभाऊजींशी लग्न होऊन जबलपूरला आलीस, आमच्या भिंतीला लागून असलेल्या क्वार्टरात. लाईनीत निम्मी घरं मराठी होती. भाऊजी सरकारी दारूगोळ्याच्या कारखान्यात, बारूद भरायच्या खात्यात. तिथे आत जाताना बिडी-काडेपेटी, अंगठी, किल्ल्या, सगळं फाटकाशी काढून ठेवायचं आणि बिनखिशाचे सुती कपडे चढवून जायचं, हे तू पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा तुला हसू आलं होतं. म्हणालीस, सोवळ्यातच जातात की मग. आमचे नीलकंठराव ड्रॉइंग ऑफिसात. मी शाळेत विज्ञान शिकवायची. लाईनीतली बी.एस्सी. झालेली मी एकटी, त्यामुळे ताप मोजण्यापासून फ्यूज बांधण्यापर्यंत सगळ्यांना माझंच दार सापडायचं.

तुलाही तेच सापडलं. कणीक तिंबत होतीस. घरात भांडण नाही, बाहेर आवाज नाही, काही नाही. एकाएकी छातीत धाडधाड सुरू झालं, हातांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले आणि कितीही श्वास घेतला तरी पुरेना. कणकीच्या हातांनी धावत आलीस आणि म्हणालीस, "हेमाताई, मी मरून राहिली." मी नाडी धरली. नाडी पळत होती, पण चुकत नव्हती. अर्ध्या तासात तू ठीक झालीस, दमलेली आणि ओशाळलेली, आणि परत जाऊन सुकलेली कणीक पाण्याचा हात लावून मळत बसलीस.

मग ते येतच राहिलं. नळावर, रेशनच्या रांगेत, सिनेमाच्या अंधारात. कुठे येईल ते कळत नाही म्हणून तू एकेक ठिकाण सोडत गेलीस, आणि शेवटी तुझ्याजवळ उरलं घर, माझं घर आणि मधली भिंत. कारण सापडेना, तेव्हा ज्याने त्याने आपलं चिकटवलं. तुझ्या सासूबाई नर्मदाकाकू मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायच्या. कंपाउंडर म्हणाला वात. भाऊजी म्हणाले माहेरची आठवण. सदर बाजारातल्या एका डॉक्टरांनी कार्डिओग्रामची पट्टी काढली, हृदय उत्तम आहे म्हणाले, आणि वर भाऊजींना सांगितलं, "घर के काम में बिझी रखिए." सगळ्या घराचं धुणं, भांडी, स्वयंपाक एकटीने ओढणाऱ्या बाईला आणखी कशात बिझी ठेवायचं होतं, ते त्यांनी लिहून दिलं नाही.

तुझ्या आजाराची एक खोड होती. तो बहुतेक वेळा पहाटे यायचा, तू सडा टाकायला उठायच्या वेळी. ज्या पहाटे तो यायचा त्या दिवशी तुझ्याने रांगोळी व्हायची नाही. बोटं थरथरायची, चिमटीत पूड धरायची नाही, तू भिंतीला टेकून बसायचीस आणि अंगण कोरं राहायचं. हे लक्षात ठेवा, असं मी विनीताबाईंना सांगते. सगळं यावरून घडलं.

पासष्टच्या सप्टेंबरात लढाई लागली. खिडक्यांना काळे कागद, सायकलच्या दिव्याच्या काचेला वरून अर्धं काळं. कारखान्यात ओव्हरटाइमला सुमार राहिला नाही. माणसं घरी येऊन जोडे न काढता झोपत. अशाच एका सकाळी तुला झटका आला, रांगोळी राहिली आणि तू भाऊजींच्या सायकलचं कॅरिअर दोन्ही हातांनी धरून ठेवलंस. भाऊजी भले गृहस्थ, भले म्हणजे काही न करणारे. त्यांनी ओढूनही पाहिलं नाही, नुसते उभे राहिले. तेवढ्यात भोंगा झाला, फाटक बंद झालं, आणि अर्धा दिवस कटला म्हणून कपाळाला हात लावून ते ओट्यावर बसले.

त्या सकाळी त्यांच्या खात्यात स्फोट झाला. आपल्या मांडणीवरची भांडी खाली आली. दोन माणसं गेली, दोघंही भाऊजींच्या टेबलावरची.

तो का झाला, ते नीलकंठरावांनी मला दार लावून सांगितलं. एका खोलीत एका वेळी किती माल ठेवायचा याचा नियम असतो. त्या महिन्यात घाईपायी तो रोज मोडला जात होता, आणि आत काम करणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत होतं. त्यात माणसं झोपेने पेंगत होती. कारण म्हणतात ते हे. पण त्या संध्याकाळी लाईनीत कोणी मालाविषयी बोलत नव्हतं. सगळे तुझ्याविषयी बोलत होते. नर्मदाकाकू ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, माझ्या सुनेला कळलं, देवीनं सुनेचे हात धरून सायकल धरवली. त्याच आठवड्यात त्याआधीही तुला झटके आले होते आणि भाऊजी कामावर जाऊन सुखरूप परतले होते, हे मी तिथल्या तिथे बोलून दाखवलं. काकू म्हणाल्या, तू शिकलेली आहेस, तुला नाही कळणार.

नंतर जे सुरू झालं ते कोणी ठरवून केलं नाही, म्हणून तर ते मोडणं कठीण गेलं. पहिल्या पाळीचे लोक सायकलवरून आपल्या दारांवरून जायचे. त्यांच्या माना तुझ्या अंगणाकडे वळायला लागल्या. रांगोळी दिसली की पायडल जोरात. अंगण कोरं दिसलं की सायकल हळू व्हायची, कुणी उतरायचं, कुणी पोटात दुखतंय म्हणून घरी वळायचं. हिंदी घरांतही ते पोचलं. पलीकडच्या तिवारीभाभी आपल्या ओट्यावरून विचारायच्या, "अंजनी ने आज चौक पूरा कि नहीं?" चौक म्हणजे त्यांची रांगोळी. तुझी मैत्रीण सरोजिनी, भाऊजींच्याच खात्यातल्या भाऊरावांची बायको, तर पोळ्या लाटायला घेण्याआधी तुझं अंगण बघून जायची. अंगण कोरं असलं तर डबा भरायचीच नाही.

हजेरी एवढी घटली की सुरक्षा खात्याचे एक साहेब जीप घेऊन चौकशीला आले. अफवा कोण पसरवतं, लढाईच्या दिवसांत हा गुन्हा आहे, असं बरंच बोलले. अंगणात फिरून रांगोळीकडे टॉर्च मारूनही पाहिलं, दिवसाउजेडी. काकूंनी चहा दिला. निघताना साहेबांनी आवाज खाली आणून विचारलं की उद्या त्यांना स्वतःला आतल्या खात्यात जायचं आहे, तर बहूजींना काही वाटतं का. मी भिंतीपलीकडून ऐकत होते. मला हसू यायला हवं होतं. आला तो संताप. या माणसाच्या हातात त्या खोल्यांच्या किल्ल्या होत्या. आत किती माल रचलाय ते तो जाऊन मोजू शकत होता. तो तुझ्या दारातले ठिपके मोजत होता.

मला आजही याचाच राग येतो, तुला सांगते. खात्यावर देखरेख करणाऱ्या चार्जमनला जाऊन विचारायला छाती लागते. युनियनमध्ये उभं राहून बोलायला लागते. तुझं अंगण बघायला काहीच लागत नव्हतं. सगळ्या लाईनीने आपापली भीती आणून तुझ्या एकटीच्या अंगावर वाळत घातली आणि तिला देवी म्हटलं. देवी म्हटलं की औषध द्यायला नको.

तुला त्याचं काय होत होतं हे कोण बघणार? तू पहाट व्हायच्या आधीपासून जागी राहायला लागलीस, अंथरुणातच स्वतःला चाचपत. आज छाती कशी आहे, आज हात कसे आहेत. इतकं चाचपलं तर धडधाकट माणसालाही काहीतरी सापडेल. तुला सापडायचंच. मग अंगण कोरं, मग बाहेर सायकली थांबलेल्या, मग त्या थांबल्या म्हणून तुला आणखी घाबरं. हे चाक तुझ्या अंगावरून रोज जात होतं. मी तुला झापलं, समजावलं, शरीरशास्त्राचं पुस्तक उघडून हृदयाचं चित्र दाखवलं. उपयोग शून्य.

एकदा तुला विचारलं, की तुला बरं व्हायचं आहे की नाही. तू भिंतीच्या सावलीत मेथी निवडत होतीस. हातातली जुडी संपवलीस. मग म्हणालीस, "ताई, मी बरी झाली आणि मग काही झालं, तर ह्यांना कोण अडवील?"

तेव्हा मला कळलं की आजार नुसता छातीत नव्हता. तुला बरं व्हायचीच धास्ती होती. घाबरणं ही तुझी ड्यूटी झाली होती, पगार नसलेली, सुट्टी नसलेली. तू घाबरली नाहीस तर नवरा मरेल, अशी तुझी समजूत करून दिली होती, आणि ती करून देणारी माणसं तुझ्या हातचा चहा पिऊन जात होती.

त्यानंतर मी तुला एका डॉक्टरीण बाईंकडे नेलं. दक्षिणेकडच्या होत्या, हिंदी मोडकं बोलायच्या, पण त्यांनी आधी तुझं सगळं ऐकून घेतलं. एवढं पूर्वी कुणी केलं नव्हतं. त्या म्हणाल्या, हा भीतीचाच आजार आहे, हृदयाचा नाही, आणि याने कोणी मरत नाही. झटका आला की पळायचं नाही. जिथे आहेस तिथेच बसायचं, श्वास हळू सोडायचा, आणि त्याला येऊन जाऊ द्यायचं. पळालीस की तो मोठा होतो. शिवाय गोळ्या दिल्या. घरी आल्यावर नर्मदाकाकूंनी त्या गोळ्या मोरीत ओतल्या. म्हणाल्या, याने हिचं कळणं बंद पडेल. सुनेला गुंगी येईल, व्यसन लागेल असं काही म्हणाल्या असत्या तर मी समजू शकले असते. हिचं कळणं बंद पडेल. त्यांचा मुलगा रोज त्या खोलीत जात होता, त्यांची भीती खोटी नव्हती, हे मला मान्य आहे. पण तुझ्या गोळ्या मोरीत ओतायचा हक्क त्याने मिळत नाही. मी भिंतीवरून त्यांना जे बोलायचं ते बोलले आणि त्यानंतर आमच्यात वर्षभर बोलणं नव्हतं.

नवीन गोळ्या मी आणल्या आणि हिंगाच्या डबीशेजारी ठेवल्या. तू विरजणाच्या निमित्ताने यायचीस, गोळी घ्यायचीस, आणि मग आपण डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं करायचो. तू माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसायचीस आणि मी शेगडीपाशी. तुला यायला लागलं की मी काही बोलायची नाही. मला गप्प बसणं किती जड जातं हे लाईनीला ठाऊक आहे. तू डोळे उघडे ठेवून बसायचीस, पदराचं टोक मुठीत, आणि ते येऊन जायचं. कधी लवकर, कधी बसल्या जागी घामाने भिजवून. एकदा तू मध्येच म्हणालीस, "हे तर येऊन-येऊन तेच करतं. दुसरं काही येतच नाही याला." तू आपल्या आजाराला पहिल्यांदाच नावं ठेवलीस, आणि मला फार बरं वाटलं.

महिने गेले, वर्षं गेली. मध्ये पुष्कळ वाईट दिवस आले, ते मी लपवणार नाही. पण कोऱ्या अंगणाच्या सकाळी कमी होत गेल्या. सत्तर साल संपेतो रांगोळी जवळजवळ रोजची झाली. लाईन निर्धास्त झाली. देवी प्रसन्न आहे म्हणाली. तू बरी होते आहेस असं एकाच्याही तोंडून आलं नाही.

आणि एकाहत्तरचा डिसेंबर आला. पुन्हा लढाई, पुन्हा काळे कागद, पुन्हा आत तीच घाई. त्या सकाळी तुझी तब्येत छान होती. थंडीत अंगण सारवून तू मोठी रांगोळी घातलीस, कडेला कमळं भरलीस, मला हाक मारून दाखवलीसही. भाऊराव सायकलवरून जाताना म्हणाले, वा वहिनी, आज तर दिवाळी. दुपारी निरोप आला की भाऊरावांच्या हातात काहीतरी फुटलं आणि त्यांचा उजवा पंजा गेला.

दुसऱ्या दिवशी सरोजिनी हॉस्पिटलातून परस्पर तुझ्या दारात आली. केस सुटलेले, डोळे सुजलेले. तिच्यामागे निम्मी लाईन. तू नेहमीची मैत्रीण, पण ती तुला अहो-जाहो करायला लागली. 

"वहिनी, काल रांगोळी काढली होती ना तुम्ही?"

तू हो म्हणालीस.

"काहून काढली?"

 मग काकूंनी तोंड उघडलं. म्हणाल्या, हिचा दोष नाही, ही गोळ्या घेऊन राहिली चोरून, त्या शिकलेलीने हिचं कळणं मारून टाकलं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी पदर खोचला. माझ्याजवळ उत्तर तयार होतं, आणि चांगलं खणखणीत होतं. पण तू हात वर केलास.  तुझे ओठ पांढरे पडत होते, आणि मला दिसलं की ते येतं आहे, सगळ्यांसमोर, आजवर कधी आलं नव्हतं तेवढं. मला वाटलं, आता ही आत पळेल.

तू ओट्याच्या पायरीवर बसलीस. कालच्या रांगोळीची कमळं तुझ्या पायाखाली विस्कटली.

"बघा," तू म्हणालीस. "येऊन राहिलं मला. आतापर्यंत कोरं अंगण पाहिलं ना तुम्ही, आता हे बघा. छाती फुटते असं वाटतं. मरते असं वाटतं. याच्यात देवी नाही. मी शोधली, कितीदा शोधली. कोणी नाही याच्यात."

कुणीतरी पाणी आणायला धावलं. तू नको म्हणालीस. श्वास सोडत राहिलीस, आणि मध्ये जागा मिळेल तसं बोलत राहिलीस. तुझे शब्द मी जसेच्या तसे देते आहे, कारण छापायला हवे होते ते हे.

"मी रोज मरत होती तेव्हा तुमची माणसं धडधाकट घरी आली. काल मी मजेत होती, तर भाऊरावभाऊजींचा हात गेला. मला काही कळत नाही. कधीच कळलं नाही. त्या दिवशी ह्यांची सायकल धरली, ती मला भ्या वाटलं म्हणून धरली. आतमध्ये माल कसा ठेवतात ते ह्यांना माहीत आहे, भाऊरावभाऊजींना माहीत आहे, तुम्हा सगळ्यांच्या घरी माहीत आहे. मला काहून विचारता? साहेबाला विचारा."

भाऊजी दारात उभे होते. त्यांनी मान खाली घातली. तू त्यांच्याकडे पाहिलंसही नाहीस.

लोक तुझ्याकडे बघत राहिले. तुला पुरतं येऊन गेलं. घाम पुसलास, उठलीस आणि सरोजिनीला अरे-तुरे करत म्हणालीस, चल, तुझ्या पोरांनी कालपासून खाल्लं नसेल. ती रडत तुझ्या अंगावर पडली की तिने तुला ढकललं, हे मला नीट सांगता येणार नाही. दोन्ही झालं. मग तू तिच्या घरी जाऊन खिचडी टाकलीस.

पुढच्या सकाळी काकूंनी हाक मारली, रांगोळी घाल म्हणून. तू अंथरुणातून म्हणालीस, "आता तुम्ही काढा, आई." आणि त्यानंतर जबलपुरात असेपर्यंत तू दारात रांगोळी घातली नाहीस. काकू घालायच्या, रोज, कधी न चुकता, वाकड्या-तिकड्या ठिपक्यांची. रोज असली की तिचा काही अर्थ उरत नाही. सायकली न थांबता जायला लागल्या.

माणसांनी साहेबाला विचारलं का? काहींनी विचारलं. बरंच नंतर, आणि पुरेसं नाही. तो दुसरा लेख आहे, आणि तो लिहायला माझ्याकडे एवढा दम नाही.

तुझ्या बरं होण्याचं कौतुक कोणी केलं नाही, हे मात्र लिहिते. देवी गेली म्हणून हळदीकुंकवात तुझा मान गेला. ज्या बाया तुझी पहिली ओटी भरायच्या त्या तुला दाराशी कुंकू लावून पाठवू लागल्या. काकू नातेवाइकांत सांगायच्या, आमच्या सुनेला होतं, पण गेलं. मूल गेल्यासारखं सांगायच्या. तू मात्र रेशनच्या रांगेत उभी राहायला लागलीस. मग सिनेमाला, आधी दाराजवळच्या खुर्चीत, मग मधल्या. मग एकटी बसने सदरला. रांगेत कधी आलं तर तू पिशवी खाली ठेवून तिथेच उभी राहायचीस आणि मागच्या बाईला सांगायचीस, "थोडा रुकिए, अभी होती हूँ आगे." एवढंच. याला किती जोर लागतो ते ज्याला झालंय त्यालाच कळेल. विनीताबाई, तुमच्या दैवी देणगीपेक्षा हे मोठं आहे. हे मनुष्याने केलेलं आहे.

मला तुझ्याशी शेवटचं बोलायचं आहे ते तुरीबद्दल.

चौऱ्याहत्तर की पंचाहत्तर असेल, शिमगा जवळ आला होता. तू विरजण न्यायला आलीस, खरोखरचं विरजण, कारण गोळ्या केव्हाच सुटल्या होत्या. म्हणालीस, इथून जवळ पाटनला नवी तूर आली आहे, बाजारात थेट शेतकऱ्याकडून घ्यायची आणि घरी भरडून वर्षाची डाळ करायची. बसने जायचं, बसने यायचं. मला म्हणालीस सोबत चला. मी विचारलं, एकटीने प्रवास जमत नाही का अजून? तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी मुकाट विरजण काढायला वळले.

"भ्या वाटतं म्हणून नाही म्हणून राहिली," तू म्हणालीस. "पोतं जड असतं, हेमाताई. दोघी लागतात."

आपण दिवस ठरवला. त्या दिवशी काकू मोरीत घसरून पडल्या आणि त्यांचं मांडीचं हाड मोडलं. वर्षभर तू त्यांचं सगळं अंथरुणातच केलंस. पुढच्या वर्षी माझ्या शाळेच्या परीक्षा आल्या. त्याच्या पुढच्या वर्षी भाऊजींची बदली झाली, आणि तुम्ही सामान बांधून भंडाऱ्याकडे गेलात. नंतर फोन आले तेव्हा दर फाल्गुनात तू विचारायचीस, ताई, तूर घेतली का? मी म्हणायची, दुकानातून घेतली, खडे निघतात. तू म्हणायचीस, मी येते, जाऊ आपण.

पोतं दोन हिश्शांत आणायचं म्हणून कंडम म्हणून टाकलेल्या तंबूच्या जाड कापडाच्या दोन पिशव्या मी तेव्हाच शिवून ठेवल्या होत्या, खांद्याला बंद लावून. तुझी तू नेलीच नाहीस. त्या दोन्ही नंतर कोळशाला वापरल्या गेल्या.

तुझी,
हेमलता